उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळं: इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

स्पेलचेकवर विसंबणं ही पहिली चूक. ‘देअर’ची तिन्ही स्पेलिंगं खरी असल्यामुळे चुकीच्या जागी बसलेलं स्पेलिंग त्यातून सहज निसटतं. कानही इथे कामाचा नाही. शब्द वाक्यात कोणतं काम करतोय, तेच पाहावं लागतं.

सर्वाधिक घोळ अ‍ॅपॉस्ट्रॉफीचा. नामाला मालकी दाखवताना तो लागतो, म्हणून ‘त्याचं’ या अर्थाच्या ‘इट्स’लाही हात आपोआप तो देतो. पण ‘हिज’, ‘हर्स’ ही सर्वनामं त्याच्याविना चालतात, तसंच हे ‘इट्स’. त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून पाहा. वाक्य जुळलं तरच अ‍ॅपॉस्ट्रॉफी द्या. ‘युअर’ला ‘यू आर’ आणि ‘देअर’ला ‘दे आर’ हीच कसोटी लावा. ‘तिथे’ सांगणाऱ्या ‘देअर’मध्ये टीच्या पुढे ‘हिअर’चं पूर्ण स्पेलिंग असतं. टी-एच-ई-आय-आर म्हणजे ‘त्यांचं’.

‘अफेक्ट’ बहुधा क्रियापद, ‘इफेक्ट’ बहुधा नाम. आधी ‘द’ किंवा ‘अ‍ॅन’ असेल तर जवळजवळ नेहमी ई. मात्र ‘घडवून आणणं’ या अर्थाने ‘इफेक्ट’ क्रियापदही होतं. तिथे ते चूक समजून बदलू नका.

‘अ‍ॅडव्हाइस’ नाम, शेवटी स ऐकू येतो, स्पेलिंगमध्ये सी. ‘अ‍ॅडव्हाइझ’ क्रियापद, त्यात एस. ही जोडी पक्की करा, कारण ब्रिटिश स्पेलिंगमध्ये ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ यांनाही हाच नियम आहे, पण तिथे दोन्ही उच्चार एकच असल्याने कान दगा देतो. अमेरिकन स्पेलिंगमध्ये नाम असो वा क्रियापद, ‘प्रॅक्टिस’ला सी आणि ‘लायसन्स’ला एस. एका मजकुरात दोन्ही पद्धती मिसळू नका.

‘लूस’ म्हणजे सैल, त्यात दोन ओ. ‘लूझ’ म्हणजे गमावणं किंवा हरणं, एकच ओ. कागद-पेन्सिलींच्या ‘स्टेशनरी’त ‘पेपर’सारखं ई-आर, स्थिर या अर्थी ए-आर.

‘लीड’चा भूतकाळ एल-ई-डी. ‘रीड’चं स्पेलिंग भूतकाळात बदलत नाही, म्हणून इथेही अनेक जण ए ठेवतात; पण ए असलेलं ‘लेड’ म्हणजे शिसं.

मजकूर पूर्ण झाला की कंट्रोल-एफ दाबून आपले नेहमी चुकणारे शब्द एकेक शोधा आणि प्रत्येक जागी कसोटी लावा. सलग वाचताना डोळे अर्थामागे धावतात, स्पेलिंग निसटतं.