स्वस्त इंडी रोलप्लेइंग गेम घेताना पाने मोजू नयेत
इच.आयओ किंवा ड्राइव्हथ्रूआरपीजी या संकेतस्थळांवर दोन-चार डॉलरांना मिळणाऱ्या इंडी, म्हणजे स्वतंत्र लेखकांच्या, टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचे (टेबलाभोवती बसून पात्रे वठवत खेळायच्या खेळाचे) मोल पानांवरून ठरवू नये. 2013 साली आलेला ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ हा फुकट मिळणारा गेम अवघ्या एका पानाचा आहे आणि साध्या सहा बाजूंच्या फाशांवर अख्खी संध्याकाळ रंगवतो. अशा गेमची पुरवणी, म्हणजे त्यात वापरायच्या जादा साहित्याची पुस्तिका, घेण्यापूर्वी नमुना पाने उघडून त्यातला फासे टाकून वापरायचा एखादा तक्ता नीट वाचावा. ‘जुनी विहीर’ एवढीच नोंद असेल, तर पुढचे सारे काम गेम चालवणाऱ्याच्या, म्हणजे खेळाडूंसमोर प्रसंग मांडणाऱ्याच्या, माथी येते. पण ‘विहिरीत अडकलेला वसुली कारकून दोर मागतो आहे, मात्र हातातली थैली सोडायला तयार नाही’ असे लिहिले असेल, तर खेळाडूंना लगेच काहीतरी ठरवावे लागते, आणि माझ्या मते पैसे मोजायचे ते याच कामाचे. चित्रे नंतर पाहावीत. पुरवणीला कोणते मूळ नियम लागतात हेही तपासावे, कारण ‘केर्न’ या गेमचे नियम फुकट मिळतात, पण काही पुरवण्यांचा महागड्या मूळ पुस्तकाशिवाय उपयोग होत नाही. ‘हवे ते द्या’ अशी किंमत असल्यास आधी फुकट उतरवून घ्यावे, एकदा खेळावे आणि आवडल्यास परत जाऊन पैसे जरूर द्यावेत. एकट्याने लिहिणाऱ्या लेखकाला ते खरोखर लागतात.