संगणक सुरू केल्यावर डेस्कटॉपवरचे विजेट्स दिसत नाहीत : माझा अनुभव

लक्षण असं : विंडोजमध्ये लॉगिन केल्यावर घड्याळ आणि सीपीयू मीटरच्या जागी नुसते रिकामे चौकोन. टास्क मॅनेजरमध्ये विजेट्सचा प्रोग्रॅम चालू दिसतो. तोच बंद करून हाताने उघडला की सगळं ठणठणीत. रोज सकाळी हे करून वैताग आला होता.

प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल केला, स्टार्टअप फोल्डरमध्ये शॉर्टकट टाकला, फरक शून्य. हाताने उघडल्यावर चालतो म्हणजे प्रोग्रॅम धड आहे, फक्त फार लवकर सुरू होतोय. त्याला थोडं थांबवायचं.

आधी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये तो डिसेबल करा आणि फोल्डरमधला शॉर्टकट काढा, नाहीतर दोनदा सुरू होईल. मग टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारं विंडोजमधलं साधन) उघडून 'क्रिएट टास्क' निवडा ('बेसिक' नको, त्यात डिले मिळत नाही). जनरलमध्ये 'रन ओन्ली व्हेन युजर इज लॉग्ड ऑन' असू द्या. दुसरा पर्याय निवडलात तर विजेट पडद्यावर येणारच नाही. ट्रिगर्समध्ये 'न्यू', 'ॲट लॉग ऑन', खाली 'डिले टास्क फॉर' 30 सेकंद. ॲक्शन्समध्ये प्रोग्रॅमची फाइल निवडा आणि 'स्टार्ट इन'मध्ये तिच्या फोल्डरचा पाथ द्या, अवतरणचिन्हांशिवाय. हा रकाना रिकामा राहिला तर काही विजेट्सना स्वतःच्या सेटिंग्ज सापडत नाहीत.

लॅपटॉप असेल तर कंडिशन्समधली एसी पॉवरची खूण काढा, नाहीतर बॅटरीवर टास्क सुरूच होत नाही. सेटिंग्जमध्ये 3 दिवसांनी टास्क थांबवायची खूण असते, तीही काढा.

हार्ड डिस्क जुनी, संथ असेल तर 30 सेकंदांऐवजी 1 मिनिट ठेवा.