इनवर्ड रेक्टिफायर पोटॅशियम वाहिनीचा आलेख कसा काढावा आणि कसा वाचावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयात पॅच-क्लॅम्पचे (पेशीच्या पटलातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्याचे) यंत्र नसले, तरी आलेखाचा कागद आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर चेतापेशीतील ही वाहिनी, म्हणजे पोटॅशियमला बाहेर जाण्यापेक्षा आत येणे अधिक सोपे करणारे पेशीपटलातील छिद्र, समजून घेता येते.

प्रथम पोटॅशियमचा समतोल विभव काढावा, म्हणजे पेशीच्या आतील आणि बाहेरील विद्युतदाबातला (विभवातला) असा फरक, ज्याला पोटॅशियमचा निव्वळ प्रवाह शून्य होतो. पेशीबाहेर 5 आणि पेशीत 140 मिलिमोल प्रति लिटर पोटॅशियम धरल्यास 37 अंश सेल्सिअसला नर्न्स्टच्या (आत-बाहेरच्या प्रमाणावरून समतोल विभव देणाऱ्या) समीकरणानुसार तो उणे 89 मिलिव्होल्ट येतो. आडव्या अक्षावर विभव, उभ्या अक्षावर प्रवाह घेऊन या विभवापाशी शून्य प्रवाहाचा बिंदू मांडावा. त्याच्या डावीकडे रेषा वेगाने खाली न्यावी, कारण तिथे पोटॅशियम आत शिरते. उजवीकडे मात्र लहानसा उंचवटा काढून रेषा पुन्हा शून्याजवळ आणावी.

माझ्या मते विद्यार्थ्याने सर्वाधिक वेळ या उंचवट्यावर द्यावा. जिवंत चेतापेशीचा विभव समतोल विभवाच्या खाली क्वचितच जातो. म्हणून प्रत्यक्षात उपयोगी पडतो तो बाहेर जाणारा हा थोडासा प्रवाहच. रावेरकडच्या केळीबागेतील मोटारीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मुळीच उलट येऊ देत नाही, तशी ही वाहिनी नाही. मेंदूच्या स्ट्रायटम या खोल भागातील मध्यम काटेरी चेतापेशी याच प्रवाहामुळे उणे 85 मिलिव्होल्टच्या आसपास शांत राहतात. एकाच वेळी पुष्कळ उत्तेजक संदेश आले आणि विभव वर चढला, की पेशीतील मॅग्नेशियम आणि स्पर्मिनसारखी पॉलिअमाइन (धनभारित रेणू) वाहिनीच्या छिद्रात अडकतात, बाहेरचा प्रवाह आटतो आणि पेशीला संदेश पुढे पाठवणे सोपे जाते.

आता बाहेरचे पोटॅशियम 10 धरून त्याच कागदावर दुसरी रेषा काढावी. समतोल विभव उणे 70.5 होतो, उंचवटाही त्याच्याबरोबर उजवीकडे सरकतो आणि डावीकडचा उतार अधिक तीव्र होतो. पुढे दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, म्हणजे त्या छेदाच्या उजवीकडे, बाहेर पोटॅशियम वाढलेले असूनही, बाहेर जाणारा प्रवाह जास्तच असतो.

पुढे प्रयोगशाळेत संधी मिळाल्यास या वाहिनीला अडवणारे बेरियम सुमारे 100 मायक्रोमोलर देण्यापूर्वीचा आणि नंतरचा प्रवाह नोंदवून त्यांची वजाबाकी करावी. मात्र बेरियमचा अडथळा विभव वर जाईल तसा सैल होत असल्यामुळे, नेमका उंचवट्याच्या भागात वजाबाकीतून मिळणारा प्रवाह खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.