उभ्या छेदावर प्रवाहाचे बाण काढताना

गोव्यातल्या मिरामारपासून पश्चिमेला समुद्राचा १०० किलोमीटर लांब आणि २०० मीटर खोल छेद (पाण्याचा उभा काप) घेऊन त्यावर प्रवाह दाखवलात, की सगळे बाण आडवे झोपतात. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. आडवा वेग सेकंदाला काही सेंटिमीटर, तर पावसाळ्यात खालचं पाणी वर येतं तेव्हाही उभा वेग दिवसाला मीटरभर, म्हणजे सेकंदाला साधारण ०.००००१ मीटर. दिसणार कसा?

उपाय सोपा. आलेख २० सेंमी रुंद, १० सेंमी उंच असेल तर उभं माप आडव्याच्या २५० पट ताणलेलं असतं. म्हणून उभा वेग २५० ने गुणा. अंदाजाने हजाराने गुणू नका, बाणांची दिशाच खोटी पडते.

त्याआधी एक बघा: गोव्याचा किनारा सरळ उत्तर-दक्षिण नाही, वायव्येकडे कललेला आहे. छेद किनाऱ्याला काटकोनात असेल तर पूर्व-पश्चिम वेग तसाच न वापरता पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन्ही घटक फिरवून छेदाच्या दिशेचा वेग काढा.

मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनच्या आलेख काढायच्या लायब्ररीत) खोलीचा अक्ष उलटा केलात तर क्विव्हर या बाण काढणाऱ्या फंक्शनचा अँगल्स पर्याय ‘यूव्ही’च ठेवा, म्हणजे बाणाची दिशा पडद्यावरच्या वर-खालीप्रमाणे राहते. ‘एक्सवाय’ केलात की दिशा अक्षांप्रमाणे ठरते आणि वर येणारं पाणी बुडताना दिसतं. माझी एक अख्खी दुपार यातच गेली.

बाणाची लांबी म्हणजे किती वेग हे सांगणारे मापदर्शक बाण मात्र दोन द्या, आडवा वेगळा, उभा वेगळा.