कांजीचा अभ्यास मध्येच सुटला. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का?

वर्ष-दोन वर्षांनी जपानीची वही पुन्हा उघडली की पहिला धक्का कांजीचा, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांचा बसतो. हिरागाना आणि काताकाना या उच्चारांच्या दोन लिप्या दोन-चार दिवसांत परत येतात. व्याकरणही फारसं हललेलं नसतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी, नामाला मागून चिकटणारे शब्द, ही रचना मराठी बोलणाऱ्याला मुळातच परकी नाही. अ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा हिरागानाचा क्रमसुद्धा बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेल्या भारतीय वर्णमालेवरून बसवलेला आहे. कांजीला असा कोणताच टेकू नसतो. एकेकाळी न अडखळता वाचलेल्या ओळीत चार ठिकाणी अडायला होतं आणि वाटतं, गेलं सगळं. आता पहिल्या धड्यापासूनच सुरू करू.

असं वाटणं स्वाभाविक आहे, पण निर्णय त्या भरात घेऊ नका. तो कागद-पेन घेऊन, आठवडाभरात, मोजून घेता येतो. माझं स्पष्ट मत असं की ज्यांच्या दोन-तीनशे कांजी एकदा नीट झाल्या होत्या, त्यातल्या बहुतेकांना शून्यावर जायची गरज नसते. शून्यावर गेलेल्यांचं होतं काय, तर सुरुवातीच्या सोप्या कांजी तिसऱ्यांदा पाठ होतात, पहिल्या जोमाचे सगळे दिवस त्यातच जातात आणि पूर्वी जिथे थांबलो होतो तिथे पोचायच्या आत पुन्हा खंड पडतो. पहिली दोनशे चिन्हं झकास, पुढचं सगळं कच्चं, अशी विचित्र अवस्था त्यातूनच येते.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 1885 साली विसरण्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ते निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करत, काही काळ जाऊ देत आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजत. दुसऱ्यांदा वेळ कमी लागायचा. म्हणजे पहिल्या मेहनतीतलं काहीतरी आत शिल्लक असायचं. तुमच्या कांजीतही अशी शिल्लक आहे. ती किती, एवढंच शोधायचं आहे.

आधी अ‍ॅपमधलं काहीही पुसू नका

अंकी हे उजळणीच्या कार्डांचं अ‍ॅप वापरत असाल तर पूर्ण डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, त्याच्या वेळापत्रकासकट एक्स्पोर्ट करून बाजूला ठेवा. वानीकानी या कांजी शिकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये खालच्या लेव्हलला परत जाता येतं, पण एकदा रीसेट केलं की आधीची प्रगती परत मिळत नाही. थकलेल्या रिव्ह्यूंचा, म्हणजे राहून गेलेल्या उजळण्यांचा, हजार-दीड हजारांचा आकडा बघून छातीत धस्स होतं हे खरं. तरीही आठवडाभर डिलीट नको, रीसेट नको. त्या आकड्यावरून तुम्ही किती दिवस आला नाहीत एवढंच कळतं. काय विसरलात हे त्यातून कळत नाही.

कशासाठी शिकत होतात आणि का सुटलं?

या दोन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा, कारण पुढचे आकडे वाचताना ती लागणार आहेत.

जेएलपीटी ही परदेशी शिकणाऱ्यांसाठीची जपानीची परीक्षा हे ध्येय असेल तर तिथे हाताने कांजी लिहावी लागत नाही. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात. मग लिहिता येत नाही म्हणून पहिल्यापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. जपानमध्ये राहत असाल किंवा जाणार असाल तर आपला पत्ता आणि रोजच्या फॉर्मवरचे शब्द हाताने लिहिता यायला हवेत, पण ती यादी लहान असते. जपानी लोकांसाठीच्या कांजी केन्तेइ परीक्षेला बसायचं असेल तरच लेखन मुळापासून पक्कं हवं. लिहायला विसरण्याचं दुःखही फार करू नका. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जवळपास दोन-तृतीयांश जपानी लोकांनीच सांगितलं होतं की मोबाइल-संगणकामुळे हाताने अचूक कांजी लिहिण्याची क्षमता कमी झाली आहे.

आता का सुटलं ते पाहू. नोकरी बदलली, घरात आजारपण आलं, बाळ झालं, अशा कारणाने खंड पडला असेल तर तुमच्या पद्धतीत बहुधा दोष नव्हता. पण रिव्ह्यू साचत गेले आणि एके दिवशी अ‍ॅप उघडायचीच भीती वाटू लागली, असं झालं असेल तर गणित तपासा. रोज 20 नवी कार्डं घेतली की थोड्याच दिवसांत रोजचे रिव्ह्यू 200 च्या घरात जातात. नोकरी सांभाळून हे झेपत नाही. पहिल्यापासून सुरू केलंत आणि वेग तोच ठेवलात, तर तेच पुन्हा होईल.

शंभर कांजींची चाचणी

पूर्वी जेवढ्या कांजी झाल्या होत्या त्यांची यादी काढा. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका चालेल, अ‍ॅपमधली यादीही चालेल. यादी नसेल तर जपानी शाळांची इयत्तावार यादी घ्या: पहिलीच्या 80, दुसरीच्या 160, तिसरीच्या 200, असं करत सहा इयत्तांच्या मिळून 1,026. तुमच्या 600 झाल्या असतील तर दर सहावी कांजी उचला, 300 झाल्या असतील तर दर तिसरी. साधारण शंभर निघतील. मनाने निवडू नका, नाहीतर आवडत्या तेवढ्याच येतील.

कांजी सुटी लिहू नका, ती ज्या शब्दात शिकलात तो शब्द फुरिगानाशिवाय, म्हणजे वर छोट्या अक्षरांत उच्चार न देता लिहा. हे महत्त्वाचं आहे. 'जीवन, जन्म' या अर्थाची कांजी घ्या. सेन्सेइमध्ये तिचा उच्चार सेइ, इश्शोमध्ये शो, तान्जोबीत जो, आणि क्रियापदात ती इकिरु होते किंवा उमारेरु. एकटी समोर आली तर कुठला उच्चार सांगायचा? ज्याला शब्द येतो तोही अडेल आणि कांजी येत नाही असं समजून बसेल.

शेजारी तीन रकाने आखा: अर्थ, वाचन, लेखन. लेखनाचा रकाना वरच्या उत्तरानुसार गरज असेल तरच भरा. सगळी शंभर एका बैठकीत, घड्याळ न लावता, पण एका शब्दापाशी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त न रेंगाळता.

चूक झाली तर ती कुठल्या जातीची आहे तेही लिहा. काहीच आठवलं नाही तर 'को', म्हणजे कोरं. दुसरीच कांजी समजून बसलात तर 'ग', म्हणजे गफलत. मिराइ या शब्दातली 'अजून नाही' अर्थाची कांजी आणि शूमात्सुमधली 'शेवट' अर्थाची कांजी यांत फरक एवढाच, की पहिलीत वरची आडवी रेघ खालचीपेक्षा आखूड असते आणि दुसरीत लांब. या दोघींत गोंधळ झाला तर तुम्ही दोन्ही विसरलेल्या नाही आहात. दोन्ही आठवताहेत, मधली सीमारेषा पुसट झाली आहे. त्यावरचा उपाय फार छोटा आहे आणि तो खाली सांगितला आहे.

चाचणी संपली की चुकलेल्या शब्दांची उत्तरं एकदाच, शांतपणे वाचा. घोकू नका. वही मिटा.

तीच चाचणी पुन्हा

दोन दिवसांनी फक्त चुकलेले शब्द पुन्हा विचारा आणि उत्तरं तपासा. मग पाच दिवसांनी आणखी एकदा. मधल्या काळात त्या यादीचा अभ्यास करायचा नाही. वाचायचं मात्र जरूर: एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या, जुन्या पाठ्यपुस्तकातले उतारे, जे हाताशी असेल ते. रोज पंधरा मिनिटं पुरेत.

पहिल्या दिवशीच्या आकड्याने खचायला होतं, म्हणून निर्णय त्यावर घ्यायचा नाही. एकदा डोळ्यांखालून गेल्यावर ज्या कांजी आठवड्याने आपसूक परत आल्या, त्या गेलेल्या नव्हत्याच. पहिल्या वेळी बरोबर आलेल्या आणि शेवटच्या फेरीत परत आलेल्या, अशांची बेरीज करा. हा तुमचा खरा आकडा.

आकडा काय सांगतो?

शंभरपैकी 70 च्या वर असेल तर थांबला होतात तिथूनच पुढे चला. मागचं वाचनातून भरून निघेल. 40 ते 70 मध्ये असेल तर दुरुस्ती करायची. बहुतेक लोक इथेच असतात. 40 च्या खाली असेल तर पहिल्यापासून सुरुवात करण्याचा विचार करायला हरकत नाही. या सीमा शिकणाऱ्यांकडे पाहून मी बांधलेला अंदाज आहे, त्यामुळे 38 आणि 42 मध्ये फरक शोधत बसू नका. तिथे दुसऱ्या खुणा पाहा: चुका 'ग'च्या जास्त असतील तर दुरुस्ती, बहुतेक 'को' असतील तर नवी सुरुवात.

एक अपवाद आहे. अर्थाचा रकाना भरलेला आणि वाचनाचा जवळजवळ रिकामा, असं चित्र असेल तर खंडाला दोष देऊ नका. तुम्ही कांजी शब्दांशिवाय, नुसत्या अर्थाने पाठ केल्या होत्या. त्याच कांजी त्याच पद्धतीने कितीदाही केल्यात तरी वाचन येणार नाही. इथे शब्दांवरून कांजीकडे जाणारी नवी वाट धरावी लागेल.

दुरुस्ती कशी करायची?

अ‍ॅपमधली नवी कार्डं शून्यावर आणा. रोजच्या रिव्ह्यूंना 40-50 ची मर्यादा घाला. अंकीत रिव्ह्यूंचा क्रम निवडता येतो. जी आठवण्याची शक्यता अजून जास्त आहे ती कार्डं आधी येतील असा क्रम ठेवा. म्हणजे टिकू शकणारी आधी टिकतात, आणि पूर्ण गेलेली नंतर सावकाश नव्याने शिकता येतात. कार्ड आठवलं नाही तर मनाची समजूत न घालता 'पुन्हा'चं बटण दाबा.

गफलतींसाठी वेगळी वही करा आणि कांजी कुटुंबाने लिहा. उदाहरण म्हणून 'देऊळ' अर्थाची कांजी घ्या, तेरा. तिच्या डावीकडे सूर्याचं चिन्ह आलं की जिकानमधली 'वेळ' होते. हात आला की मोत्सु, म्हणजे धरणं. चालण्याशी संबंधित ग्योनिनबेन हे चिन्ह आलं की मात्सु, म्हणजे वाट पाहणं. साधा माणूस आला की सामुराइ. बोलणं आलं तर शि, म्हणजे कविता. गाय आली तर तोकुबेत्सुमधलं 'खास'. सहाही कांजी उजवीकडून तंतोतंत सारख्या. खंडानंतर डोळा फक्त उजवी बाजू ओळखतो आणि मात्सुच्या जागी मोत्सु वाचतो. सहा जणी एका पानावर शेजारी शेजारी लिहिल्या, डावी बाजू रंगीत पेनने काढली आणि प्रत्येकीखाली एक शब्द लिहिला की हा गोंधळ बराचसा सुटतो.

अशा पानाचा आणखी एक फायदा होतो. वेळ, धरणं आणि सामुराइ या तिन्हींचं ओन्योमी, म्हणजे चिनीवरून आलेला उच्चार, 'जि' आहे, कारण उजवी बाजू उच्चाराची खूण म्हणूनच आली आहे. वाट पाहण्याचं 'ताइ' आणि खासचं 'तोकु' मात्र त्यात बसत नाही, ते वेगळं लक्षात ठेवायचं. 'निळा' अर्थाच्या कांजीचं कुटुंब जास्त सरळ आहे: तिला सूर्य जोडून निरभ्र आकाश, पाणी जोडून निर्मळ, बोलणं जोडून विनंती, आणि तिन्हींचं ओन्योमी 'सेइ'. पहिल्यांदा शिकताना या कांजी वेगवेगळ्या धड्यांत आल्या असतील, त्यामुळे हे नातं दिसलं नसेल. आता सगळ्या ओळखीच्या आहेत, म्हणून दिसतं. खंडानंतर परत येणाऱ्याला मिळणारा हा फायदा नवख्याला मिळत नाही, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

पहिल्यापासूनच करायचं ठरलं तर

जुन्या डेकची प्रत ठेवा आणि नवा डेक शब्दांचा करा. पहिल्या दिवशी जेवढ्या कांजी अर्थासह आणि वाचनासह लगेच आल्या, त्या नव्या डेकमध्ये घेऊच नका. त्या वाचनात भेटतीलच. रोज नवे शब्द पाच, फार तर सात. पाचांच्या हिशेबाने रोजचे रिव्ह्यू पन्नासच्या आसपास राहतात, म्हणजे लोकलमध्ये किंवा ऑफिसला जाताना बसमध्ये उरकतात. प्रत्येक धड्यानंतर त्याच कांजी असलेला एखादा उतारा वाचा. जपानी मुलं जोयो, म्हणजे रोजच्या वापराच्या, यादीतल्या 2,136 कांजी प्राथमिक आणि माध्यमिक शाळेची मिळून नऊ वर्षं शिकतात, तेव्हा सहा महिन्यांत सगळं भरून काढायचा हट्ट धरू नका.

दुरुस्ती असो वा नवी सुरुवात, नव्या कांजी केव्हा घ्यायच्या? थकलेले रिव्ह्यू संपले आणि सलग दोन आठवडे रोजच्या मर्यादेत राहिले की. तोवर थांबा. जेएलपीटी साधारणपणे जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि अर्ज काही महिने आधी भरावा लागतो, त्यामुळे लेव्हल ठरवण्याची घाई होते. अर्जाची मुदत जवळ आली असेल तर चाचणी आधी करा. खरा आकडा 70 च्या खाली असेल तर पूर्वी जी लेव्हल पास झाला होतात तिच्या पुढची लेव्हल यंदा सोडा, फॉर्म पुढच्या फेरीला भरा आणि ते महिने दुरुस्तीला द्या.