मुलांकडे दोन पासपोर्ट आहेत, मग कुठला कुठे दाखवायचा?

आई एका देशाची, बाबा दुसऱ्या, किंवा दोघंही एकाच देशाचे पण बाळ जन्मलं भलतीकडेच, अशी घरं आता काही नवीन नाहीत. पोरांच्या नावावर दोन पासपोर्ट असले की लोकांना वाटतं ज्यावर व्हिसा लागत नाही तो पुढे करायचा, झालं काम. तसं नसतं हो. एअरलाइनला एवढंच बघायचं असतं की हे पोर जिथे उतरणार तिथे त्याला आत घेतील ना, कारण नाही घेतलं तर परत आणायची जबाबदारी आणि वर दंड तिच्याच डोक्यावर. निघतानाच्या इमिग्रेशनला बघायचं असतं की हे मूल आपल्याकडे कुठल्या कागदावर राहत होतं. म्हणजे प्रश्न वेगळे, त्यामुळे उत्तराचा पासपोर्टही वेगळा असू शकतो, आणि हे घरी बसून ठरवून ठेवायचं, काउंटरवर नाही.

साधा नियम असा की मूल ज्या देशाचं नागरिक आहे त्या देशात शिरताना आणि तिथून निघताना त्याच देशाचा पासपोर्ट. अमेरिकेत तर हा कायदाच आहे, मूल तान्हं असलं तरी. कॅनडाने नोव्हेंबर २०१६ पासून दुहेरी नागरिकांना विमानात बसायला कॅनडाचा वैध पासपोर्ट सक्तीचा केला, फक्त अमेरिकन-कॅनेडियन लोकांना अमेरिकन पासपोर्टवर सूट आहे. आणि हा दुसऱ्या पासपोर्टवर ऑनलाइन परवानगी काढायचा जुगाड करू नका, कॅनडाचं ईटीए, ब्रिटनचं ईटीए, अमेरिकेचं ईएस्टा हे सगळं परदेशी लोकांसाठी आहे, स्वतःच्या नागरिकाला ते मिळतच नाही. बाळाचा तिकडचा पासपोर्ट अजून काढलाच नसेल तर आधी तो काढा, मग तिकिटं.

शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या आपापसात बॉर्डर तपासणी न ठेवणाऱ्या देशांत, याचा फायदा उलट बाजूने आहे. तिथे १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची नोंदणी सुरू झालीय, शिक्क्यांच्या जागी, आणि पाहुण्यांना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्याचा हिशोब त्यावरून होतो. युरोपियन युनियनच्या नागरिकांना हे काहीच लागू नाही. पण मुलाकडे तिथल्या एखाद्या देशाचा पासपोर्ट असून तुम्ही सगळ्या कुटुंबाचे एकाच रंगाचे पासपोर्ट गठ्ठ्याने पुढे सरकवलेत तर ते पोर पाहुणा म्हणून नोंदलं जातं आणि त्याचे ९० दिवस मोजायला सुरुवात, मग आजीकडे अख्खी मोठी सुट्टी काढायची असेल तर निघताना उत्तरं देत बसा.

आता तिकीट. खरी गडबड इथेच होते आणि याकडे कोणी नीट बघत नाही. बुकिंगमध्ये एकच पासपोर्ट नंबर टाकला जातो आणि तोच परतीच्या विमानालाही चिकटून राहतो. जाताना चालून जातं, परतताना ऑनलाइन चेक-इन अडतं, कारण सिस्टीमला दिसतं की या पासपोर्टवर त्या देशात जायला व्हिसा हवा. त्यामुळे जाण्याचं झालं की परतीच्या प्रवासासाठी पासपोर्टची माहिती बदलायची, ऑनलाइन होत नसेल तर एअरपोर्टवर थोडं लवकर जाऊन काउंटरवर सांगायचं. काउंटरवर दोन्ही पासपोर्ट एकदम दिले तरी काही बिघडत नाही, "हा तिकडे उतरताना, हा इथून निघताना" असं सरळ सांगा, त्यांना ते रोजचंच आहे. इमिग्रेशनला मात्र ज्याची गरज तोच द्या, आणि दुसरा आहे का असं विचारलं तर खरं सांगून दाखवा. लपवाछपवी अजिबात नको.

दोन्ही पासपोर्टवर नाव एकसारखं आहे ना ते आधी बघा, एकावर बापाचं नाव मधे, दुसऱ्यावर मधलं नावच नाही, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं सर्रास असतं. तिकीट ज्या नावाने आहे त्याच्याशी जुळणारा पासपोर्ट आणि सोबत जन्मदाखला, हे दोन्ही हाताशी ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकून देऊ नका म्हणजे मिळवलं.

एकच पालक मुलांना घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र हवंच, नवरा-बायकोचं कितीही गोडीगुलाबीचं असलं तरी. पालकानेच मूल परस्पर पळवून नेण्याच्या प्रकारांवर १९८० चा हेग करार आहे आणि बॉर्डरवरचे अधिकारी त्याच नजरेने बघतात. पत्रात मुलाचं नाव, दोन्ही पासपोर्ट नंबर, तारखा, कुठे राहणार, न येणाऱ्या पालकाचा फोन, आणि नोटरी. काही देशांत हे नुसतं बरं असतं, काही ठिकाणी त्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. ब्राझीलमध्ये राहणारं ब्राझिलियन मूल एका पालकाबरोबर देशाबाहेर निघालं तर दुसऱ्याची प्रमाणित परवानगी लागते, आणि हातात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट धरला म्हणून त्यातून सुटका होत नाही. आडनाव वेगळं असेल तर अधिकारी खाली वाकून मुलालाच विचारतो, "ही तुझी कोण?", तेव्हा पोरांना आधी सांगून ठेवा की मस्करी करायची नाही, सरळ उत्तर द्यायचं.

भारताचं वेगळं आहे, इथे दुहेरी नागरिकत्व नाहीच. परदेशी पासपोर्ट असलेल्या मुलाचा भारतीय पासपोर्ट सोबत ठेवता येत नाही, त्याच्यासाठी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) काढता येतं आणि ते नागरिकत्व नव्हे, व्हिसाच्या जागी चालणारी सोय आहे. मुलांचे पासपोर्ट बदलत राहतात, तेव्हा वीस वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर तो आणि नवा फोटो ओसीआयच्या साइटवर अपलोड करायचा असतो, हे बरेच जण विसरतात.

अजून एक, जे कोणी आधी सांगत नाही. मूल त्याच्या दुसऱ्या देशात असताना काही भानगड झाली तर पहिल्या देशाचा दूतावास फारसं काही करू शकत नाही, नागरिकत्वावरच्या १९३० च्या वेगळ्या हेग करारापासून हा नियम चालत आलाय, कारण तिथल्या सरकारच्या दृष्टीने ते त्यांचंच मूल. मुलगा मोठा होत आला असेल आणि त्या देशात सक्तीची लष्करी सेवा असेल, जशी दक्षिण कोरियात आहे, तर त्याचे नियम जायच्या आधी वाचा.

आणि मुदत बघा. अमेरिकेचा आणि ब्रिटनचा सोळा वर्षांखालचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मोठ्यांसारखा दहाचा नाही, आणि अमेरिकन पासपोर्ट पुन्हा काढायला नुसतं नूतनीकरण चालत नाही, मुलाला समोर न्यावं लागतं आणि दोन्ही पालकांची संमती लागते. दोन पासपोर्टच्या तारखा कधीच जुळत नाहीत, म्हणून दोन्हींचं रिमाइंडर फोनमध्ये मुदतीच्या आठ-नऊ महिने आधीचं लावा.