घडीचा कॅम्पर ट्रेलर: उघडण्याआधी मिटायला शिका

घडीचा कॅम्पर विकत घेतला की विकणारा माणूस तो पंधरा मिनिटांत उघडून दाखवतो. हँडल फिरतं, छत वर जातं, दोन्ही टोकांनी पलंग बाहेर सरकतात, कापडाच्या भिंती ताठ होतात आणि एवढ्याशा पेटीतून अख्खी खोली उभी राहते. आपण मान डोलावतो आणि सगळं कळलं असं समजून निघतो. मीही तसाच निघालो होतो. पहिल्याच मुक्कामावरून परतताना ट्रेलर मिटायला घेतला, तर छत शेवटची चार बोटं खाली येईना. नवीन आहे, घट्ट असेल, असं म्हणून वरून दाबलं आणि कड्या ओढून लावल्या. घरी उघडला तेव्हा कळलं की मागच्या कोपऱ्यात कापडाचा पदर छत आणि पेटीच्या मध्ये चिमटला होता. वाटेभर घासून घासून तिथे तळहाताएवढं भोक पडलं होतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. जिथे जोर लावावासा वाटतो, तिथे हात थांबवायचा आणि काय अडकलंय ते बघायचं. पुढचं सगळं थोड्याफार फरकाने याच नियमातून निघतं.

पहिली तालीम घरीच

पहिल्या सहलीच्या आधी, कोरड्या दिवशी, भरपूर वेळ हाताशी ठेवून ट्रेलर घरासमोरच दोनदा उघडा आणि दोनदा मिटा. एकाने माहितीपुस्तिका वाचायची, दुसऱ्याने हात चालवायचे, मग अदलाबदल करायची. घडी मोडण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवा. कापडाची घडी आत वळते की बाहेर, कोणती दांडी कुठल्या खोबणीत झोपते, पडदे कुठे अडकवलेत, हे तीन दिवसांनी आठवत नाही. दांड्या एकसारख्या दिसतात पण लांबीत बोटभर फरक असतो, म्हणून डावीकडच्यांना एका रंगाची चिकटपट्टी लावा, उजवीकडच्यांना दुसऱ्या.

कापड सुती किंवा सूत-पॉलिस्टर मिश्र असेल तर याच वेळी त्याला पाणी दाखवून घ्या. ट्रेलर पूर्ण उघडा, नळीने सगळं कापड निथळेपर्यंत भिजवा, पूर्ण वाळू द्या, आणि हे दोन-तीनदा करा. पहिल्या वेळी आत बसून शिवणींकडे बघा. सुईच्या भोकांतून एकेक थेंब टपोरा होत जाईल आणि ओघळेल. घाबरून दुकानदाराला फोन करू नका. धागा पाणी पिऊन फुगतो आणि ती भोकं भरतो. दुसऱ्या-तिसऱ्या भिजवणीला थेंब कमी होतात, मग थांबतात. तरीही एखादी जागा गळत राहिली तर तिथे शिवणीचं मेण किंवा सीलर (भोकं बुजवणारा लेप) चोळा. लेप दिलेल्या नायलॉन-पॉलिस्टर कापडाला हा उपचार लागू पडत नाही, त्याच्या शिवणींना थेट सीलरच लागतो.

गाडीला जोडणं

ट्रेलरच्या तोंडाला असलेला कपलर गाडीच्या हिचवरच्या (मागे बसवलेल्या जोडणीवरच्या) बॉलवर बसतो. दोघांचं माप तंतोतंत जुळायला हवं. जगात बऱ्याच ठिकाणी 50 मिलिमीटरचा बॉल चालतो. अमेरिकी पद्धतीत 2 इंची आणि 1⅞ इंची असे दोन्ही सापडतात. 1⅞ इंची बॉलवर 2 इंची कपलर वरवर बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्याला उडून येतो. माप बॉलच्या डोक्यावर आणि कपलरवर कोरलेलं असतं. अंदाजावर जाऊ नका, वाचा.

कपलर बसवून खटका लावला की पुढचा जॅक थोडा खाली सोडून ट्रेलरचं तोंड उचलून बघा. गाडीचा मागचा भाग त्याच्यासोबत उचलला गेला तर पकड पक्की आहे. कपलर एकटाच वर आला तर तो बसलेलाच नव्हता. सुरक्षा-साखळ्या तोंडाखालून एकमेकींना फुली मारून अडकवा. कपलर सुटलाच तर तोंड रस्त्यात रुतण्याऐवजी त्या फुलीच्या झोळीत पडतं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर एक बारीक वायर असते, जी ट्रेलर सुटल्यावर ओढली जाऊन ब्रेक लावते. ती गाडीच्या पक्क्या भागाला अडकवायची, साखळीला नाही. मग विजेचा प्लग लावा आणि दुसऱ्या माणसाला मागे उभं करून ब्रेक, इंडिकेटर, टेललॅम्प एकेक तपासा. शेवटी जॅक किंवा पुढचं छोटं चाक पूर्ण वर करून अडकवायला विसरू नका. हे चाक रस्त्यावर खरडत नेणारे लोक मी पाहिलेत.

आता वजन. हिचवर पडणारा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण 10 टक्के असावा. 700 किलोच्या ट्रेलरला 70 किलोच्या आसपास. गाडीच्या किंवा हिचच्या पाटीवर कमी मर्यादा लिहिली असेल तर तीच पाळायची. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर आडवा समतल ठेवा, चाकांना पाचरी लावा, काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून कपलर त्यावर टेकवा आणि पुढचं चाक जमिनीपासून उचला. भार कमी आला म्हणजे सामान मागे जास्त झालंय. असा ट्रेलर वेग वाढला की शेपटी हलवायला लागतो. रस्त्यात तसं झालं तर स्टीअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढा. उलटसुलट स्टीअरिंग फिरवलं किंवा घाबरून गाडीचा ब्रेक कचकन दाबला तर हेलकावे वाढतात. ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक हाताने लावायची सोय असेल तर फक्त तेच हळूच लावा.

मागे घेताना स्टीअरिंग खालच्या बाजूने धरा. ट्रेलर ज्या बाजूला वळायला हवा, त्या बाजूला हात सरकवा. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा फार पटकन आडवा होतो, तेव्हा वीतभर मागे, थांबा, बघा.

मुक्कामावर उभं करताना

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी डावी-उजवी पातळी बघा, आणि तीही गाडी जोडलेली असतानाच. खाली असलेल्या बाजूच्या चाकाखाली फळ्या किंवा उतरती ठोकळी सरकवून ट्रेलर त्यावर चढवा. गवंड्याची पाणसळ किंवा फोनमधलं पातळी दाखवणारं अ‍ॅप, दोन्ही चालतात. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी. पाचरी लागल्याशिवाय कपलर सोडायचा नाही. चढावर हा क्रम उलटा केला तर ट्रेलर आपल्याआधी निघतो. गाडी सुटी झाल्यावर पुढचा जॅक वर-खाली करून पुढची-मागची पातळी साधा.

मग चार कोपऱ्यांचे टेकू खाली सोडा. जमिनीला टेकल्यावर अर्धा-एक वेढा दिला की पुरे. हे टेकू हलणं थांबवण्यासाठी आहेत, ट्रेलर उचलण्यासाठी नाहीत. त्यांनी पातळी साधायला गेलात तर चौकट पिळते, आणि मग दाराला चौकटीत बसवताना कपाळाला हात लावायची वेळ येते.

आता छत. सगळ्या कड्या सोडल्यात का, एकदा चक्कर मारून बघा. एक कडी अडकलेली असताना हँडल फिरवणं हा नव्या मालकांचा हमखास अपघात. वर नेताना विंच, म्हणजे हँडलने वायररोप गुंडाळणारं यंत्र, टकटक वाजते, तो आवाज कान देऊन ऐका. आवाज येत नसेल तर हँडल हातातून सोडू नका, ते उलटं फिरून मनगट मोडू शकतं. छत पूर्ण वर गेलं की थांबा. काही ट्रेलरच्या मागे छोटी दोरी असते, ती ताणली गेली की छत पोचलं. त्यापुढे दिलेला प्रत्येक वेढा वायररोपवर आणि पुलींवर ताण टाकतो, आणि वायररोप तुटण्याचं हेच एक मोठं कारण आहे. आधारदांड्या किंवा पिना दिल्या असतील तर छताखाली काम सुरू करण्याआधी त्या लावा.

पलंग बाहेर ओढले की त्यांच्या खालच्या दांड्या आधी, बसणं-झोपणं नंतर. मुलांना हे दोनदा सांगा. मग कापडाच्या कमानी, कडेच्या वेल्क्रो पट्ट्या आणि रबरी दोऱ्या, शेवटी दार.

गॅस, हवा, बॅटरी

सिलिंडरमधला प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो, म्हणून गॅसचा अलार्म खाली बसवलेला असतो. त्याच्यासमोर पिशव्या रचू नका. प्रत्येक वेळी सिलिंडर जोडल्यावर सांध्याला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर घट्ट करून परत बघा. प्रवासात सिलिंडरचा खटका बंद. शेगडी थंडी घालवायला कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद तंबूत तो झोपेतच गाठतो. त्याचा अलार्म दर मुक्कामाला बटण दाबून तपासा. थंडीतही एका खिडकीची चेन वरून वीतभर उघडी ठेवा; चार माणसांच्या श्वासाचं पाणी सकाळी छतावरून गादीवर टपकतं, आणि मग छत गळतंय असं वाटून लोक नको तिथे सीलर लावतात.

12 व्होल्टची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरलेली असताना 12.7 च्या आसपास दाखवते. 12.1 म्हणजे निम्मी संपली. त्याखाली वारंवार उतरवलीत तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियम बॅटरी असेल तर शून्य अंशाखालच्या थंडीत चार्जिंगला लावू नका.

मिटणं

खरी परीक्षा इथे आहे, म्हणून घाई असेल तर न्याहारीत वेळ वाचवा, इथे नाही. क्रम उघडण्याच्या नेमका उलटा. ओट्यावरचं सगळं उतरवा, नळ आडवा करा, उशा छताच्या उंचीत मावतात का बघा. एखाद्या खिडकीची चेन थोडी उघडी ठेवा, नाहीतर आत कोंडलेली हवा कापडाला फुग्यासारखं बाहेर ढकलते आणि तेच कापड कडेला चिमटतं. पलंग आत सरकवा, बाजूचं कापड त्यांच्यावर मऊ घडीत टाका. सुरकुत्या चालतील, पण खिडकीच्या प्लास्टिकला टोकदार मोड नको. थंडीत तर ते काचेसारखं तडकतं.

छत खाली घेताना दोनदा थांबा: एकदा साधारण फूटभर उरल्यावर आणि एकदा वीतभर उरल्यावर. दोन्ही वेळा चारही बाजूंनी फिरून बाहेर लोंबणारं कापड आत सारा. बोटांऐवजी लाकडी चमचा किंवा गुंडाळलेलं मासिक वापरा. छत आणि पेटीमधली फट चारही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. एका कोपऱ्यात जास्त दिसली तर तिथे काहीतरी आहे. छत परत वर घ्या. कड्या दोन बोटांनी लागायला हव्यात.

पाऊस पडत असेल तर ओला मिटावाच लागतो, त्याला इलाज नाही. गाद्या आणि ओलं कापड यांच्यामध्ये प्लास्टिक पसरा, आणि घरी पोचल्यावर कितीही दमला असलात तरी 24 तासांत, फार तर 48 तासांत उघडून वाळवा. बुरशीला तेवढाच वेळ पुरतो. काळे ठिपके एकदा धाग्यात शिरले की निघत नाहीत. ब्लीच लावलंत तर ठिपके फिके होतील आणि कापडही कमकुवत होईल. एरवी धूळ-चिखल मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने काढायचा. कपड्यांचा साबण सुती कापडाचं पाणी अडवणं घालवतो.

देखभाल

चाकांचे नट नव्या ट्रेलरला आणि चाक काढून बसवल्यावर पहिल्या 80 किलोमीटरांत दोन-तीनदा टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासा, समोरासमोरचे आलटून पालटून. टायरची हवा थंड असताना भरायची. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, म्हणून नक्षी चांगली असली तरी पाच-सहा वर्षांनी बदलावेत. वय टायरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं: शेवटचे चार आकडे 3122 असतील तर तो 2022 सालच्या 31 व्या आठवड्यात बनला.

चहाला थांबलात की चाकाच्या मध्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघायची सवय लावा. कोमट असणं ठीक. एक बाजू कोमट आणि दुसरीला हात ठेववत नसेल तर तिकडचं बेअरिंग कोरडं पडतंय किंवा ब्रेक घासतोय. तसंच पुढे जाऊ नका. बेअरिंग वर्षातून एकदा उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून घ्यावं.

छत उचलणाऱ्या नळ्यांना आणि कापडाच्या चेनला सिलिकॉन स्प्रे मारा, तेल नको. तेलाला धूळ चिकटते आणि महिन्याभरात त्याचा सरस होतो. वायररोपचा एखादा तंतू तुटून बाहेर आलेला दिसला तर छत उचलणंच थांबवा आणि वायररोप बदलून घ्या.

बरेच महिने ठेवायचा असेल तर पूर्ण कोरडा करून मिटा, पाण्याची टाकी आणि नळ्या रिकाम्या करा, बॅटरीची वायर काढा, गाद्या उभ्या ठेवा. उंदरांना बोट शिरेल एवढीही फट पुरते, तेव्हा खालून वायर आणि नळ्या जिथे आत शिरतात तिथे स्टीलचा काथ्या कोंबा. दाराच्या आतल्या बाजूला एक वही अडकवलेली असू द्या: टायरची हवा, नटचा टॉर्क, ग्रीस कधी भरलं, कुठली दांडी वाकली. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे, ठळक अक्षरात: मागचा डावा कोपरा बघितलास का?